कट-पेस्ट अर्ध्यात अडकलं आणि फोटो गायब झाले? आधी कार्ड बाहेर काढा, मग हे वाचा

कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड, त्यात लग्नाचे किंवा ट्रिपचे हजारभर फोटो, लॅपटॉपला लावून सगळे सिलेक्ट केले, कट केलं, डी ड्राइव्हला पेस्ट केलं आणि मधेच लाईट गेली किंवा कार्ड रीडरला धक्का लागला किंवा विंडोजने कसलातरी एरर दिला. परत उघडून बघितलं तर लॅपटॉपवर निम्मेच फोटो, त्यातले काही उघडत नाहीत, आणि कार्डात फोल्डर रिकामं नाहीतर कार्डच म्हणतंय की मला फॉरमॅट करा. हे इतकं कॉमन आहे की ओळखीत दर सीझनला कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतंच. माझं मत असं की ट्रान्सफर फेल झाल्यामुळे फोटो जातात त्यापेक्षा जास्त फोटो त्यानंतरच्या तासाभरात घाबरून केलेल्या उद्योगांमुळे जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे, सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न नंतरचा.

सगळ्यात आधी थांबा

कार्ड बाहेर काढा. एसडी कार्डाला बाजूला ती छोटी लॉकची पट्टी असते ती लॉककडे सरकवा. मायक्रो एसडी असेल तर कार्डाला पट्टी नसते पण ॲडॉप्टरला असते, तिचा उपयोग करा. हे लॉक म्हणजे फक्त रीडरला दिलेली सूचना आहे, बरेचसे रीडर पाळतात, काही पाळत नाहीत, तरी लावून ठेवा.

त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढायचा नाही, "बघू चालतंय का" म्हणूनसुद्धा नाही. विंडोज विचारेल "फॉरमॅट करायचं का", कॅन्सल करा. "स्कॅन अँड फिक्स" विचारेल, तेही कॅन्सल. यूट्यूबवर पहिला सल्ला चेकडिस्क चालवण्याचा असतो, तो इथे ऐकू नका, कारण चेकडिस्कला तुमचे फोटो वाचवायचे नसतात, त्याला फाइल सिस्टीम (कुठली फाइल कार्डावर कुठे आहे ह्याची नोंदवही) नीटनेटकी करायची असते, आणि ते करताना तो कार्डावर लिहितो. आणि पेस्ट ज्या ड्राइव्हवर करत होतात तिथेही काही डाउनलोड किंवा इन्स्टॉल करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअर दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा.

फोटो नक्की कुठल्या बाजूला आहेत हे ठरवा

कट-पेस्ट म्हणजे फाइल उचलून नेणं नाही. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाताना विंडोज आधी कॉपी करतं आणि मग मूळ फाइल डिलीट करतं, असं एकेक फाइल करत पुढे जातं. म्हणजे अर्ध्यात अडकलं तेव्हा तीन ढीग तयार झालेले असतात. एक, जे पूर्ण पोचले आणि कार्डावरून डिलीट झाले. दोन, जो फोटो त्या क्षणाला चालू होता तो, लॅपटॉपवर अर्धवट. तीन, ज्यांचा नंबरच आला नव्हता, ते कार्डावरच आहेत, पण कार्डाची फाइल सिस्टीम बिघडली असेल तर दिसत नाहीत.

यातली चांगली गोष्ट म्हणजे डिलीट झालेला फोटोसुद्धा कार्डावरून लगेच पुसला जात नाही. सातबाऱ्यावरून नाव उडालं तरी शेत जागेवरच असतं, फक्त कागदावर मोकळं दिसतं, आणि दुसऱ्या कोणी त्यात नांगर घातला की मग संपलं. तसंच. एफएटी३२ मध्ये (३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा ह्यात असतात) डिलीट करताना नावाचं पहिलं अक्षर एका खुणेने बदलतात आणि जागा मोकळी म्हणून नोंदवतात, म्हणूनच रिकव्हर झालेल्या फाइलींच्या नावात पहिलं अक्षर गायब दिसतं. ६४ जीबी आणि वरच्या कार्डांवर एक्सफॅट असतं, तिथे नोंदीतला "वापरात आहे" हा एक बिट बंद होतो, बाकी नोंद तशीच राहते. दोन्हीकडे फोटोचा डेटा जागेवर असतो, वरून काही लिहिलं जाईपर्यंत.

म्हणून बहुतेक वेळा शोध कार्डावर घ्यायचा, लॅपटॉपवर नाही. लॅपटॉपवर अर्धवट उतरलेल्या फाइलीचा साइझ पूर्ण दिसतो म्हणून फसू नका, कॉपी सुरू करतानाच जागा धरून ठेवली जाते, त्यामुळे ८ एमबीची फाइल दिसते पण उघडलं की वरचा भाग फोटो आणि खाली राखाडी पट्टा.

फुकटात मिळणारे फोटो आधी शोधा

मॅकवरून कार्डातलं डिलीट केलं असेल तर ते कार्डावरच ट्रॅशच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतं, ट्रॅश रिकामा केला नसेल तर कार्ड परत मॅकला लावा, सगळं तिथेच मिळेल (ह्या कामापुरती लॉकची पट्टी उघडावी लागेल). विंडोजमध्ये कार्ड आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही, पण एक्सटर्नल हार्डडिस्कवरचं जातं, तर तिथे बघा.

आधीच कोणी चेकडिस्क चालवलं असेल तर कार्डावर "फाउंड" आणि शून्य शून्य शून्य अशा नावाचं लपलेलं फोल्डर असू शकतं, त्यात सीएचके एक्स्टेन्शनच्या फाइली असतात. त्यातल्या बऱ्याच तुमचे फोटोच असतात, एखादीची कॉपी लॅपटॉपवर घेऊन एक्स्टेन्शन जेपीजी करून बघा.

अजून एक, खास आपल्याकडचा प्रकार. झेरॉक्सच्या दुकानात किंवा फोटो लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावून आणला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, तर फोटो गेलेले नाहीत, व्हायरसने ते लपवलेत. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा आणि ऑप्शन्समध्ये जाऊन सिस्टीम फाइली लपवण्याची टिक काढा. फोल्डर फिकट दिसायला लागले की आतले फोटो कॉपी करून घ्या, शॉर्टकटवर मात्र क्लिक करू नका.

आयफोनवरून विंडोजला घेताना "डिव्हाइस काम करत नाही" असा एरर येऊन कॉपी मधेच तुटते त्यांच्यासाठी: फोटो फोनमध्येच आहेत, सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर सगळ्यात खाली "ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी" आहे, तिथे "कीप ओरिजिनल्स" करा आणि परत कॉपी करा. ऑटोमॅटिकवर असलं की फोन कॉपी करता करताच प्रत्येक हाइक (आयफोनचा नेहमीचा फोटो फॉरमॅट, एचईआयसी) फोटोचा जेपेग बनवत बसतो आणि तिथे अडखळतो.

कार्डाची इमेज काढा, कंटाळा आला तरी

इमेज म्हणजे कार्डाचा पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंतचा जसाच्या तसा छाप, एकाच मोठ्या फाइलीत. मग सगळे प्रयोग त्या फाइलीवर करायचे आणि कार्ड डब्यात ठेवून द्यायचं. लोक ही पायरी गाळतात कारण ६४ जीबीच्या कार्डाला साधारण ६० जीबी जागा मोकळी लागते आणि जुन्या रीडरवर सेकंदाला २० एमबी स्पीड धरला तरी पाऊण-एक तास जातो. पण कार्ड मरायला टेकलं असेल तर पुन्हापुन्हा स्कॅन करून ते पूर्ण मरतं, आणि तेव्हा हा एक तास आठवतो.

विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. वर इमेज फाइलीचं नाव आणि जागा द्या (लॅपटॉपच्या ड्राइव्हवर, कार्डावर नाही, आणि पेस्ट ज्या ड्राइव्हवर करत होतात तिथेही शक्यतो नाही), उजवीकडे कार्डाचा ड्राइव्ह निवडा आणि "रीड" दाबा. शेजारीच "राइट" बटण आहे आणि ते बरोब्बर उलटं काम करतं, म्हणजे इमेज कार्डावर लिहितं, तर दाबायच्या आधी दोनदा वाचा. फक्त अलोकेटेड पार्टिशन वाचायची टिक असेल तर ती रिकामी ठेवा.

कार्ड मधेच एरर देत असेल तर ह्या सॉफ्टवेअरने जमणार नाही, तिथे लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरायचं. कुठलाही उबंटूचा पेनड्राइव्ह बनवून लॅपटॉप त्यावर सुरू केला तरी चालतं. त्याची हुशारी अशी की ते आधी सहज वाचता येणारे भाग पटापट उचलतं, खराब भाग बाजूला ठेवतं, शेवटी त्यांच्याकडे परत येतं, आणि काय वाचलं काय राहिलं ह्याची मॅप फाइल ठेवतं, त्यामुळे मधे बंद पडलं तरी पुन्हा तिथूनच पुढे. कमांड देताना मूळ आणि इमेज ह्यांचा क्रम चुकला तर कार्डावरच लिहिलं जाईल, म्हणून कमांडची सवय नसेल तर असलेल्याला शेजारी बसवा.

एक्सटर्नल हार्डडिस्क असेल आणि आतून टक टक आवाज येत असेल तर ह्यातलं काहीच करू नका. वायर काढा आणि थेट खाली लॅबबद्दल लिहिलंय तिकडे जा.

आता रिकव्हरी

सॉफ्टवेअर दोन जातींची असतात. एक जात फाइल सिस्टीमच्या उरलेल्या नोंदी वाचते, त्यामुळे फोटो मूळ नावासकट, फोल्डरसकट मिळतात. दुसरी जात नोंदींकडे बघतच नाही, सगळी जागा चाळत जाते आणि फोटोच्या सुरुवातीची खूण ओळखते. प्रत्येक जेपेग फाइल एफएफ, डी८, एफएफ ह्या तीन बाइटनी सुरू होते, ते दिसलं की तिथून फोटो उचलायचा. ह्यात नावं जातात पण फाइल सिस्टीम पूर्ण उद्ध्वस्त असली तरी फोटो मिळतात.

कार्ड उघडतंय आणि फक्त फाइली दिसत नाहीत, असं असेल तर पहिल्या जातीने सुरुवात करा. रेकुवा सगळ्यात सोपं, विझार्डमध्ये पिक्चर्स निवडा, कार्ड निवडा, डीप स्कॅन टिक करा. हिरवा, केशरी, लाल असे गोळे दिसतात, हिरवा म्हणजे शाबूत असण्याची शक्यता चांगली, पण लाल गोळ्याचाही फोटो कधीकधी व्यवस्थित उघडतो म्हणून सगळेच काढून घ्या. रेकुवाला इमेज फाइल चालत नाही, ड्राइव्हच लागतो, त्यासाठी लॉक लावलेलं कार्ड वापरा. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरीसुद्धा स्टोअरमध्ये फुकट आहे, विंडोज १० च्या २००४ व्हर्जनपासून पुढे चालतं, फक्त काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची तयारी हवी.

कार्ड फॉरमॅट मागत असेल, किंवा वरच्याने अर्धेच मिळाले, तर फोटोरेक. क्रिस्टोफ ग्रेनिए ह्या फ्रेंच प्रोग्रॅमरचं हे ओपन सोर्स काम आहे, टेस्टडिस्क नावाच्या त्याच्याच दुसऱ्या टूलबरोबर एकाच झिपमध्ये येतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दिसायला गरीब आहे पण मी पैसे मागणाऱ्या चकचकीत सॉफ्टवेअरच्या आधी नेहमी हेच चालवायला सांगतो. झिपमध्ये क्यू ने सुरू होणारी जी फोटोरेकची फाइल आहे ती माऊसने चालणारी, तीच उघडा.

वरच्या यादीत डिस्क निवडायची असते, तिथे "ॲड रॉ डिस्क इमेज" दाबून आपण काढलेली इमेज द्या. खाली पार्टिशन दिसतील, गोंधळ वाटला तर "होल डिस्क" घ्या. फाइल सिस्टीममध्ये एक्स्ट सोडून दुसरा पर्याय, म्हणजे फॅट, एनटीएफएस वगैरे लिहिलेला. मग "फ्री" की "होल": नुसतं डिलीट झालं असेल तर फ्री पुरतं, पण फाइल सिस्टीम बिघडली असेल तर होल घ्या, जास्त वेळ लागेल पण काही सुटणार नाही. "फाइल फॉरमॅट्स" मध्ये जाऊन आधी रीसेट करा, नाहीतर ते शेकडो प्रकारच्या फाइली शोधत बसेल आणि तुम्हाला कचऱ्यातून फोटो निवडावे लागतील. जेपीजी टिक करा. निकॉनचं एनईएफ आणि कॅननचं सीआर२ यादीत वेगळं शोधत बसू नका, त्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने जेपेग न बनवता साठवलेला कच्चा फोटो) टिफच्या टिकमध्ये येतात. व्हिडिओसाठी एमओव्ही. शेवटी सेव्ह कुठे करायचं ते फोल्डर, दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि सर्च.

कॅमेऱ्याच्या कार्डावर ह्या पद्धतीला इतकं यश का मिळतं, तर कॅमेरा फॉरमॅट केलेल्या कार्डावर एकामागून एक सलग लिहीत जातो, फाइलीचे तुकडे होत नाहीत. ज्यांना मधेमधे एकेक फोटो डिलीट करून जागा करायची सवय आहे त्यांच्या कार्डावर नवे फोटो त्या भोकांमध्ये तुकड्यांनी बसतात आणि मग रिकव्हरीत अर्धा फोटो आपला आणि अर्धा भलताच असा प्रकार होतो.

मिळालेला पसारा आवरणं

"रिकप डीआयआर" नावाची फोल्डरं तयार होतील आणि आत एफ पुढे आकडे अशा नावाच्या फाइली. नाव टी ने सुरू होत असेल तर ते फोटोच्या आत लपलेलं छोटं थंबनेल आहे, ते बाजूला काढा. साइझने सॉर्ट केलं की कचरा एका टोकाला जातो. तारीख फोटोच्या आतल्या एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोतच लिहून ठेवलेली माहिती) शाबूत असते, तर एक्सप्लोररमध्ये "डेट टेकन" ने लावा, किंवा फिल हार्वे यांच्या एक्झिफटूलने सगळ्या फाइलींना काढल्याच्या तारखेप्रमाणे एका फटक्यात नावं देता येतात. दोन सॉफ्टवेअर चालवली असतील तर तेच फोटो दोनदा येणार, डूपगुरूने डुप्लिकेट काढा.

एक गोष्ट लोक विसरतात, होल केलं तर जुने, मागच्या कुठल्यातरी साखरपुड्याचे फोटोही वर येतात. स्टुडिओवाल्यांनी दुसऱ्या क्लायंटचे फोटो चुकून ह्या क्लायंटला देऊ नयेत म्हणून डेट टेकनने गाळून मगच पेनड्राइव्ह द्यावा.

खाली राखाडी असलेल्या जेपेगचा तो भाग परत येत नाही, ऑनलाइन "रिपेअर" वाले बहुतेकदा आतलं थंबनेलच मोठं करून देतात. रॉ फाइल खराब असेल तर जरा आशा असते, कारण तिच्या आत कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग प्रिव्ह्यू असतो आणि कित्येक कॅमेऱ्यांत तो पूर्ण साइझचा असतो, एक्झिफटूलने तो बाहेर काढता येतो. व्हिडिओ अवघड. एमपी४ ची अनुक्रमणिका बहुधा फाइलीच्या शेवटी लिहिली जाते, शेवट नसेल तर फाइल चालत नाही. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने काढलेला एक चांगला व्हिडिओ हाताशी असेल तर अनट्रंक नावाचं फुकट टूल त्याच्यावरून तुटलेला व्हिडिओ जुळवायचा प्रयत्न करतं.

जिथे हे चालत नाही

लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून डिलीट झालं असेल तर आशा फार कमी. विंडोज ७ पासून डिलीट केलं की ट्रिम नावाची कमांड जाते आणि एसएसडी ती जागा खरंच रिकामी करून टाकते. फोनच्या आतल्या स्टोरेजचंही तेच, वर तिथे सगळं एनक्रिप्टेड. प्ले स्टोअरवरची "डिलीटेड फोटो रिकव्हरी" ॲप्स रूट नसलेल्या फोनवर फक्त कॅशमधली थंबनेलं दाखवतात, आणि त्यासाठी तुमच्या सगळ्या फोटोंची परमिशन घेतात. फोनचं कार्ड "इंटर्नल स्टोरेज" म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर तेही एनक्रिप्टेड, लॅपटॉपला लावून काही मिळणार नाही.

फोनच्या बाबतीत बिन तपासा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस राहतो, बॅकअप नसलेला ३०. आयफोनच्या रीसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस. मग व्हॉट्सॲपच्या इमेजेस फोल्डरमधलं सेंट फोल्डर बघा, तुम्ही पाठवलेले सगळे तिथे असतात. क्वालिटी कमी असते, पण ज्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवलं होतं त्याच्याकडे ओरिजिनल मिळेल.

पैसे कधी खर्च करायचे

पेड सॉफ्टवेअरचं ट्रायल स्कॅन करून प्रिव्ह्यू दाखवतं आणि सेव्ह करताना पैसे मागतं. प्रिव्ह्यूमध्ये फोटो मोठा, पूर्ण दिसला तरच पैसे भरा, नुसती फाइलींची यादी आणि हिरवी टिक म्हणजे काही नाही. टेलिग्रामवरून क्रॅक उतरवू नका, फोटो वाचवायला जाऊन बँकेचे पासवर्ड घालवाल.

कार्ड कुठेच डिटेक्ट होत नसेल तर आधी दुसरा रीडर लावून बघा, जुने रीडर ६४ जीबीची कार्डं ओळखत नाहीत, आणि कार्डाचे सोनेरी पॉइंट कोरड्या मऊ कपड्याने पुसा. तरी नाही तर लॅब. मुंबई-पुण्यात आहेत. विचारायच्या गोष्टी: तपासणीचे पैसे वेगळे का, डेटा नाही मिळाला तर चार्ज किती, आणि काम इथेच होणार की कार्ड दुसऱ्या शहरात पाठवणार. मायक्रो एसडी हा सगळा एकच ठोकळा असतो, चिप सुटी काढता येत नाही, वरचा थर खरवडून आतल्या बारीक पॉइंटना तारा जोडाव्या लागतात, म्हणून त्याचं कोटेशन हार्डडिस्कच्या तोडीचं आलं तर नवल वाटून घेऊ नका. गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे "गरम करून बघतो" साठी देऊ नका.

फोटो मिळाल्यावर

लगेच कार्ड फॉरमॅट करू नका, इमेजही उडवू नका, घरच्यांनी फोटो बघून "आजीचा तो ओवाळतानाचा कुठाय" विचारायला दोन-चार दिवस लागतात. पुढच्या वेळेपासून कट नाही, कॉपी. टेराकॉपीमध्ये व्हेरिफाय चालू ठेवलं तर कॉपी झालेली प्रत्येक फाइल मूळ फाइलीशी ताडून बघतं. दोन ठिकाणी कॉपी झाली की मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. आणि मॅक-लिनक्सवाल्यांनो, इजेक्ट केल्याशिवाय ओढू नका, कॉपीची पट्टी स्क्रीनवर शंभर टक्के भरली तरी शेवटचा डेटा अजून मेमरीतच असू शकतो, एक्सफॅटला जर्नल (बदल करण्याआधी लिहून ठेवलेली नोंद) नसतं त्यामुळे तिथे धक्का लागला की सावरायला काही नसतं.

ते कार्ड परत वापरायचं का, हे एच२टेस्टडब्ल्यू (विंडोज) किंवा एफ३ (लिनक्स, मॅक) ठरवेल. दोन्ही फुकट आहेत, कार्ड गच्च भरून परत वाचतात. सेलमध्ये स्वस्तात घेतलेलं १२८ जीबीचं कार्ड असेल तर हे नक्की करा, कारण खोट्या कार्डांत खरी चिप ८ किंवा १६ जीबीची असते, कार्ड मात्र सांगतं १२८, आणि तेवढे भरल्यावर पुढचे सगळे फोटो यादीत दिसतात पण लिहिलेच गेलेले नसतात. असं निघालं तर त्या फोटोंसाठी लॅबला पैसे देऊ नका, विक्रेत्याकडे रिफंड मागा.